पहिली यांत्रिक नौका घेताना

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात देवनार येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा मला प्रश्न पडला. विद्येचे महत्त्व, विवाहातील वाढता खर्च आणि संघटनेची आवश्यकता या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते दरवर्षी बोलतात व पुढेही बोलतील. माझे आयुष्य इंजिनांच्या तेलात आणि खाडीच्या चिखलात गेले. म्हणून ज्या गोष्टीत माझे हात मळले आहेत त्याच गोष्टीविषयी बोलणे मला उचित वाटते. आपल्यातील एखादा तरुण प्रथमच स्वतःची यांत्रिक नौका घेऊ लागतो, आणि नवी परवडत नाही म्हणून वापरलेली नौका पाहू लागतो, त्या वेळी त्याने काय पाहावे, कोणास विचारावे आणि कोठे थांबावे, हाच माझा आजचा विषय आहे.

आपण आज ज्या देवनार गावी जमलो आहोत त्याच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. बाहेरच्या मनुष्यास देवनार म्हटले की १९२७ पासूनची कचराभूमी आठवते, किंवा १९७१ साली सुरू झालेले पशुवधगृह आठवते. खाडी आठवत नाही. परंतु देवनार, मानखुर्द, माहुल आणि ट्रॉम्बे येथील जुन्या कुटुंबांना प्रथम खाडीच आठवते, कारण त्यांच्या चुली तिच्यावर पेटत आल्या. त्या काळी होडी वल्ह्याने व शिडाने चालत असे. पुढे १९५१ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, १९५७ साली कोचीन येथे मत्स्यव्यवसायाच्या तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था निघाली, १९६१ साली आपल्या वेसाव्यास मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि त्याच सुमारास किनाऱ्यावर एकामागून एक नौकांत इंजिने बसू लागली. ज्या नाखव्याच्या आजाने वाऱ्याची वाट पाहिली त्याचा नातू आज किल्ली फिरवून निघतो. हा पालट सुखाचा आहे यात शंका नाही. मात्र त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. शिडाची होडी डोळ्यांनी पारखता येत असे. इंजिनाच्या नौकेचे दोष झाकलेले असतात.

बाजारात वापरलेल्या नौकेचे वर्णन करताना एक शब्दप्रयोग हमखास ऐकू येतो : "फारच कमी वापरलेली आहे." तो ऐकताच नवख्या मनुष्याचे अर्धे मन तेथेच विकले जाते. मोटारगाडी कमी चालली असेल तर ती चांगली, हा हिशेब तो नौकेला लावतो. माझे आजचे सारे सांगणे या एका मुद्द्याभोवती आहे : कमी वापरलेली नौका आणि चांगली सांभाळलेली नौका या दोन भिन्न वस्तू आहेत. जमिनीवर उभी ठेवलेली गाडी हळूहळू बिघडते; खाऱ्या हवेत उभी ठेवलेली नौका झपाट्याने बिघडते. समुद्र चालत्या नौकेस झिजवतो, पण उभ्या नौकेस तो खातो.

याची कारणे समजून घेतली तर पुढचे सर्व सोपे जाईल. ज्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी खारे पाणी फिरते, त्याच्या आतल्या वाटांमध्ये बंद केल्यावर मीठ उरते. गोड्या पाण्याने ते धुऊन काढले नाही तर मीठ घट्ट बसते व वाटा अरुंद होतात. पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचे पंख असतात. ते महिनोगणती एकाच अंगावर दबून राहिले की तसेच वाकडे होतात आणि मग तुटतात. टाकीतील जुने पेट्रोल चिकट होते व बारीक छिद्रे बुजवते. डिझेलच्या टाकीत हवेतील ओल पाणी होऊन तळाशी बसते. सिलिंडरातील कड्या गंजून अडकतात. आणि लाकडाच्या नौकेविषयी तर एक गोष्ट पुष्कळांस ठाऊकही नसते. खारे पाणी लाकडास तितके कुजवीत नाही, जितके पावसाचे गोडे पाणी कुजवते. दोन पावसाळे उघड्यावर राहिलेल्या नौकेच्या फळ्या बाहेरून रंगाने चकचकीत असतात आणि आतून स्पंजासारख्या झालेल्या असतात.

आपल्याच एका होतकरू तरुणाची हकीकत सांगतो. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याने एका हौशी गृहस्थाची फायबरची बोट पाहिली. बोट आठ वर्षांची, आणि इंजिनावरील घड्याळात दोनशे तास. त्यास वाटले की ही तर नवीच! तो मजकडे आनंदाने सांगावयास आला. मी त्यास भागाकार करण्यास सांगितले. आठ वर्षांत दोनशे तास, म्हणजे वर्षाला पंचवीस तास झाले. मासेमारीची बोट इतके तास चार-पाच दिवसांत चालते. याचा अर्थ ते इंजिन वर्षातील बहुतेक सर्व दिवस मिठात उभे होते. आम्ही जाऊन गिअरचे तेल काढले तेव्हा ते दुधासारखे पांढरे निघाले. म्हणजे आत पाणी शिरले होते. त्या तरुणाच्या आईच्या पाटल्या त्या दिवशी पेटीतच राहिल्या.

आता क्रमाने पाहू. नौका पाहण्यापूर्वी आपले पाणी पाहावे. ठाण्याच्या खाडीत काम करावयाचे आहे की बाहेर समुद्रात जावयाचे आहे, याचा निश्चय घरी बसून करावा. आपली खाडी उथळ आहे. ओहोटीला मैलमैल चिखल उघडा पडतो. शिवाय नाल्यांतून येणारा प्लास्टिकचा कचरा तिच्यात तरंगत असतो. अशा ठिकाणी मागे टांगलेले, वर उचलता येणारे आऊटबोर्ड इंजिन आणि हलकी फायबरची बोट सोयीची पडते. पंख्यात पिशवी अडकली तर इंजिन उचलून ती हाताने काढता येते. बाहेरच्या समुद्रात डोल किंवा जाळी घेऊन जाणाऱ्यास आत बसविलेले डिझेल इंजिन व जड नौका लागते. जड नौका खाडीत घेऊन आलेला मनुष्य निम्मा दिवस भरतीची वाट पाहत बसतो, आणि हलकी बोट बाहेरच्या समुद्रात नेणारा मनुष्य आपल्या घरच्यांना घोर लावतो. खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तेथे कोठे जाता येते याची चौकशीही आधी करावी.

पाणी ठरले की मग तळ पाहावा. पाण्यात तरंगणारी नौका पाहून सौदा करणे म्हणजे पदर डोक्यावरून ओढलेली नवरी पाहून लग्न ठरविण्यासारखे आहे. परदेशी बंदरांत नौका पाण्याबाहेर काढण्यासाठी यंत्रे भाड्याने घ्यावी लागतात. आपणांस निसर्गाने ती सोय फुकट दिली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे पाणी इतके चढते-उतरते की भरतीच्या वेळी काठाशी आणलेली नौका ओहोटीला पूर्ण कोरडी पडते. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढे उतरत नाही. म्हणून नौका पाहण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. ओहोटीला जावे, आणि चिखलात उतरण्याची तयारी ठेवून जावे. विक्रेता जर भरतीच्याच वेळी बोलावीत असेल, तर त्याचे कारण विचारावे.

लाकडी नौकेत पठाण, म्हणजे तळाचा कणा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावा. तो सरळ रेषेत असला पाहिजे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस व डामर ताजे आहे की निघून आले आहे ते पाहावे. बोथट खिळा घेऊन फळीवर ठिकठिकाणी दाबावा. चांगले लाकूड खिळ्यास आत येऊ देत नाही; कुजलेल्या लाकडात तो लोण्यात गेल्यासारखा जातो. लाकूड पोखरणारी समुद्राची कीड बाहेरून टाचणीच्या टोकाएवढेच छिद्र ठेवते आणि आत बोटभर बोगदे करते. तेव्हा बारीक छिद्रांकडे दुर्लक्ष करू नये. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर तेथे लोखंड गंजून लाकूड सैल झाले आहे असे समजावे.

फायबरच्या बोटीस कीड लागत नाही, म्हणून ती अमर आहे असा एक भ्रम आहे. लहान लाकडी हातोडीने तिच्या अंगावर हळूहळू वाजवीत जावे. खणखणीत आवाज आला तर थर एकमेकांस धरून आहेत. बद्द आवाज आला तर आत थर सुटले आहेत किंवा पाणी मुरले आहे. तळावर फोड आलेले असतील तर तेही पाणी मुरल्याचेच चिन्ह होय. सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मागची पाटी, जिच्यावर इंजिन टांगलेले असते. पुष्कळ बोटींत या पाटीच्या आत प्लायवूड असते, आणि स्क्रूच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली जोराने हलवावा. पाटी जर त्याबरोबर हलली किंवा तेथे तडे दिसले तर किंमत कितीही कमी असो, परतावे. एखाद्या जागी रंग नवा आणि शेजारी जुना असेल तर नव्या रंगाखाली काय झाकले आहे ते विचारावे. विक्रीच्या तोंडावर संपूर्ण बोट रंगविलेली असेल तर अधिकच सावध असावे.

यानंतर इंजिन. इंजिन पाहण्यास जाल तेव्हा विक्रेत्यास आधीच सांगावे की आम्ही येण्यापूर्वी ते चालू करू नका. तापलेले इंजिन कोणासही प्रसन्न करते. थंड इंजिन खरे बोलते. तुम्ही पोहोचताच ते गरम लागले तर त्या दिवशी परत यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. पट्टी काढून तेल पाहावे : दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे. सुरू झाल्यावर धूर पाहावा. डिझेल इंजिनाचा काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचा किंवा हवा अपुरी असल्याचा असतो. निळा धूर तेल जळत असल्याचा असतो. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर आत पाणी जात असल्याचा संशय धरावा. आऊटबोर्ड इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडली पाहिजे. धार क्षीण असेल तर थंडाव्याच्या वाटांत मीठ आहे किंवा पंप गेला आहे. प्रत्येक सिलिंडरातील दाब मापून घ्यावा. तो किती आहे यापेक्षा सर्व सिलिंडरांत जवळजवळ सारखा आहे की नाही हे महत्त्वाचे. एकात फार कमी असेल तर तेथे कडी, झडप किंवा सिलिंडर झिजला आहे असे समजावे. आतल्या इंजिनाच्या नौकेत पंख्याचा शाफ्ट हाताने हलवून पाहावा, पंख्याच्या पात्यांवर खड्डे आहेत का ते पाहावे, आणि लोखंडाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे शिल्लक आहेत का ते पाहावे. हे तुकडे मुळीच नसतील तर मालकाने देखभाल केली नाही याचा तोच पुरावा आहे. जो मनुष्य शे-दोनशे रुपयांचे जस्त बदलत नाही, त्याने लाखाच्या इंजिनाचे तेल वेळेवर बदलले असेल असे मानण्यास आधार नाही.

तळ आणि इंजिन पसंत पडले तरी इसार देऊ नये. नौका पाण्यात चालवून पाहिल्यावाचून सौदा पुरा होत नाही. चाचणी निदान तास-दोन तासांची असावी, वजन घेऊन असावी, भरतीच्या ओघाविरुद्धही असावी. पूर्ण गतीने काही मिनिटे चालवून मग हळू करावे, सुकाणू दोन्ही अंगांस वळवावे, आणि परत आल्यावर तळात किती पाणी साचले ते मोजावे. चाचणीचे दिवशी प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगात घातलेले असावे. ते बाकाखाली ठेवून उपयोग नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीवर असता ताब्याबाहेर जाऊन घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि तेराहून अधिक माणसे प्राणास मुकली. शिकलेल्या हातांत आणि शासनाच्या बोटीतही इंजिन दगा देऊ शकते. अपरिचित इंजिन घेऊन प्रवासी बोटींच्या मार्गात किंवा गर्दीच्या बंदरात चाचणीस जाऊ नये. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक खलाशास पाठ असावा.

येथे हंगामाचा विचार येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात पुष्कळ नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून तळ पाहण्यास तो काळ उत्तम. परंतु समुद्र खवळलेला असल्याने चाचणी घेता येत नाही. उलट नारळी पौर्णिमेच्या तोंडावर प्रत्येकास नौका हवी असते आणि भाव चढतात. तेव्हा सुज्ञाने जूनमध्ये तळ पाहावा, भाव ठरवावा, आणि चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार पुरा होईल ही अट कागदावर लिहून घ्यावी. जो विक्रेता अशी अट लिहून देण्यास नकार देतो, त्याने न बोलता पुष्कळ सांगितले असे समजावे.

कागदांचा विषय रुक्ष आहे, पण नौका कागदावर बुडण्याची उदाहरणे समुद्रात बुडण्याच्या उदाहरणांहून कमी नाहीत. नौकेची नोंदणी कोणाच्या नावे आहे ते पाहावे. विकणारा मनुष्य आणि नोंदणीतील मनुष्य एकच आहे का? नसेल तर सर्व वारसांच्या सह्या आहेत का? मासेमारीचा परवाना ही गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात तो १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो, आणि २०२१ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढले. नौका घेतली म्हणजे परवाना आपोआप आपल्या नावे झाला असे मुळीच नाही; मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारावे आणि मगच पैसे द्यावे. एखाद्या हौशी गृहस्थाची सहलीची बोट घेऊन तिने मासेमारी करीन, किंवा मासेमारीच्या बोटीने पर्यटक नेईन, असे मनात असेल तर दोहोंचे नियम वेगळे आहेत हे ध्यानात ठेवावे. प्रवासी वाहतुकीस सागरी मंडळाची तपासणी व परवानगी लागते.

नौकेवर बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे कर्ज आहे का, हा प्रश्न विचारण्यास संकोच वाटू नये. येणे बाकी नसल्याचा दाखला हाती आल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. कारण नौका घेणाऱ्याच्या दारी कर्जही चालत येते. डिझेलवरील कराची सवलत संस्थेमार्फत मिळते, तेव्हा संस्थेच्या वहीत या नौकेच्या नावे किती डिझेल उचलले गेले तेही पाहावे. त्या वहीवरून नौका खरोखर किती चालली हे इंजिनावरील घड्याळापेक्षा अधिक खरे कळते. "कमी वापरलेली" या शब्दांची कसोटी तेथेच होते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांवर संपर्कयंत्रे बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. नौकेवर ते यंत्र असेल तर तेही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावे.

इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि कागदावरील क्रमांक अक्षराक्षर जुळला पाहिजे. यात केवढे गांभीर्य आहे हे आपल्या मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी हल्लेखोर ज्या रबरी बोटीतून उतरले, तिच्या यामाहा इंजिनाच्या क्रमांकावरूनच ते पाकिस्तानात कोणाकडे पाठविले गेले होते याचा माग तपासात लागला. त्या रात्रीनंतर किनाऱ्यावरील प्रत्येक बोटीचा क्रमांक, रंग आणि खलाशांची ओळखपत्रे यांची कडक तपासणी सुरू झाली. प्रामाणिक मनुष्यानेही क्रमांक न जुळणारे इंजिन घेतले तर त्याला उत्तरे देत बसावे लागेल, आणि हंगाम निघून जाईल.

आता पैशाचा विचार करू. मी एक साधा हिशेब मांडतो. आकडे केवळ सोयीसाठी घेतले आहेत. समजा, एका कुटुंबाने बचत काढून व दागिने ठेवून आठ लाख रुपये उभे केले. तर त्याने आठ लाखांची नौका पाहूच नये. सहा लाखांची पाहावी. उरलेल्या दोनांपैकी एक लाख पहिल्या फेरीपूर्वीच दुरुस्ती, जाळी, जाकिटे, नांगर, दोर आणि विमा यांत जाईल, आणि एक लाख पेढीत राहिला पाहिजे. कारण वापरलेली नौका पहिल्या वर्षी आपले उरलेले दोष दाखविते. आता समजा, कर्जाचा हप्ता महिना पंधरा हजार रुपये आहे. वर्षाचे झाले एक लाख ऐंशी हजार. हप्ता बारा महिने येतो, पण बंदीमुळे नौका दहाच महिने कमावते. म्हणजे दरमहा अठरा हजार हप्त्यासाठी बाजूस पडले पाहिजेत. वादळे आणि दुरुस्ती यांत आणखी एक महिना गेला की तो आकडा वीस हजारांवर जातो. हा हिशेब ज्यास झेपत नाही त्याने आणखी दोन वर्षे दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून जावे. त्यात कमीपणा नाही.

आणि वाईट वर्षे येतात, हे गृहीत धरूनच कर्ज काढावे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली आणि तेल सांडले. मासळी चांगली असली तरी गिऱ्हाईक तिला हात लावीना. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने किनाऱ्यावर बांधलेल्या नौकाही फोडल्या. यांपैकी कशातही मासेमाराचा दोष नव्हता, पण हप्ता कोणासाठी थांबत नाही. २०१८-१९ पासून मासेमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळू लागले आहे. ते डिझेल, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चासाठी आहे. त्याच्या आधारावर नौका घेऊ नये. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विमा माणसाचा आहे, नौकेचा नव्हे. नौकेचा विमा निराळा काढावा लागतो.

सौदा पाहण्यास कोणास बरोबर न्यावे? तिघांस न्यावे. एक, ज्यास या सौद्यात दलाली मिळणार नाही असा इंजिन जाणणारा कारागीर; त्याची मजुरी आपण स्वतः द्यावी, म्हणजे त्याची जीभ मोकळी राहते. परदेशांत या कामासाठी स्वतंत्र तपासनीस असतात आणि जुन्या नौकेचा विमा उतरविताना विमा कंपन्या बहुधा त्यांचाच अहवाल मागतात. दुसरा, आपल्या पाण्यात आयुष्य काढलेला म्हातारा तांडेल. आणि तिसरी, घरातील कर्ती स्त्री. हे ऐकून काही मंडळी हसतील. परंतु मासळी बाजारात विकून पैसा घरी आणणारी आपल्या समाजात कोण आहे? दागिना कोणाचा गहाण पडतो? नौकेवर पुरुष जातो. नौकेचा हप्ता टोपलीतून फिटतो. व्यवहाराच्या वेळी तिने विचारलेला एक साधा प्रश्न, "हिला विकता कशाला?", पुष्कळदा सर्व तपासणीहून अधिक काम करतो.

भगिनींनो आणि बंधूंनो, आतापर्यंत मी घेणाऱ्याविषयी बोललो. पण विकणाराही पुष्कळदा याच सभागृहात बसलेला असतो. ज्ञातीतील व्यवहार ज्ञातीत व्हावेत असे आपण म्हणतो. मग विकणाऱ्यावरही एक धर्म येतो. पाटी कुजली आहे हे ठाऊक असून तीवर रंग देणे आणि तराजूत वजन मारणे यांत भेद नाही. किंबहुना हे पाप अधिक, कारण तराजूत पैसा जातो आणि खाडीत माणूस जातो. ती नौका घेऊन जाणारा तरुण एकटा जात नाही. तिच्यावर दोन-तीन खलाशी असतात, आणि किनाऱ्यावर तेवढीच घरे दिवा लावून बसलेली असतात.

म्हणून मी या मेळाव्यापुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. आपल्यातील प्रत्येक नौकामालकाने एक वही ठेवावी. तेल केव्हा बदलले, जस्त केव्हा बसविले, इंजिन किती तास चालले, कोठे दुरुस्ती झाली, तळ केव्हा खरवडला, एवढेच तीत लिहावे. रोज दोन ओळी पुरतात. आज शाळेत जाणारी आपली मुलेमुली ते काम आनंदाने करतील. नौका विकताना ती वही नौकेबरोबर द्यावी. आणि मंडळाने दोन अनुभवी तांडेल व दोन कारागीर यांची नावे निश्चित करावीत, जे प्रथमच नौका घेणाऱ्या ज्ञातिबांधवाबरोबर एक दिवस ओहोटीला जातील. या कामास मोठा निधी लागत नाही. चिखलात उतरण्यास तयार असलेली चार माणसे लागतात.

वही असलेल्या नौकेचा भाव दहा-वीस हजारांनी अधिक गेला तरी घेणाऱ्याने तो आनंदाने द्यावा. कमी वापरलेली म्हणून तो पैसा देऊ नये, सांभाळलेली म्हणून द्यावा. आपल्या किनाऱ्यावर हा भेद एकदा रुजला, तर फसविणारा आपोआप मागे पडेल, आणि आपले तरुण परक्याच्या नोकरीइतक्याच भरवशाने स्वतःच्या नौकेकडे पाहू लागतील. ज्या खाडीने पूर्वजांना पोसले तिच्यावर त्यांचे वंशज स्वतःच्या नौकेचे नाखवे म्हणून टिकून राहावेत, एवढीच माझी इच्छा आहे.